अक्षर तेच, वाचन निराळे

इंदूरचे नाव शेतीच्या जगात गाजले ते कंपोस्ट खतामुळे. परंतु 1924 साली येथे स्थापन झालेली आणि अल्बर्ट हॉवर्ड यांनी नावारूपास आणलेली वनस्पतिसंशोधन संस्था मुळात कापसासाठी होती, याचे आपल्यापैकी पुष्कळांना विस्मरण झाले आहे.

त्याच कापसाची एक सरकी हाती घेऊन पाहावी. तिच्यावरील प्रत्येक तंतू म्हणजे बीजावरणाची एकच पेशी. फूल उमलते त्या सुमारास ती डोके वर काढते आणि न विभागता नुसती लांबत जाते, पार अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत! त्याच झाडाच्या मुळाच्या टोकाशी मात्र पेशी सतत दुभंगत असतात. दोन्हीकडे डीएनए एकच. मग वागणे इतके निराळे का?

उत्तराचा एक भाग डीएनएवर खुणा करणाऱ्या विकरांपाशी, म्हणजे एन्झाइमांपाशी आहे. पाठ्यपुस्तकातील मजकूर तसाच ठेवून वगळलेल्या उताऱ्यावर आम्ही शिक्षक पेन्सिलीने खूण करतो, तसाच हा प्रकार. ही विकरे डीएनएच्या एका अक्षरावर, सायटोसिनवर, मिथिल नावाचा लहानसा अणुगट बसवितात. तो जनुकाच्या आरंभाशी बसला की ते जनुक बहुधा मुके होते. पेशी विभागताना डीएनएचा नवा धागा कोरा असतो. तेव्हा एक विकर जुन्या धाग्यावरील खुणा पाहून त्या नव्यावर उतरविते. खुणा पुसणारी विकरेही आहेत. मोहरीच्या कुळातील एका इवल्याशा रोपात खुणा करणारे विकर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी कमी केले, तेव्हा पानांचा आकार, फुलांची घडण, बहराची वेळ, सारेच बिघडले. हे 1996 सालचे. कापसाचा तंतू वाढत असता काही प्रकारच्या खुणा वाढत जातात, हे चिनी संशोधकांनी 2016 मध्ये दाखविले.

मला सर्वांत नवल वाटले ते 2017 च्या टेक्सास विद्यापीठातील अभ्यासाचे. आज निमाडात मुख्यत्वे पिकतो त्या अमेरिकी कापसाचे रानटी पूर्वज दिवस लहान झाल्यावाचून फुलत नसत. त्यांची व लागवडीच्या कापसाची तुलना करता पाचशेहून अधिक जनुकांवरील खुणांत फरक आढळला. फुलोरा आणणारे एक जनुक रानटी झाडात खुणांनी मुके होते. लागवडीच्या झाडात त्या खुणा गळालेल्या होत्या. लवकर फुलणारे झाड बियाण्यासाठी राखणारा तो प्राचीन शेतकरी नकळत पुसलेल्या खुणाच निवडत होता! म्हणूनच, केवळ अक्षरे तपासून वाण निवडणाऱ्या आजच्या पैदासकाराच्या नजरेतून असे गुण निसटू शकतात.