नगरच्या किल्ल्यातील स्थानबद्ध आणि अनुच्छेद २२

जुलमास प्रतिबंध करावयाचा तर राज्यकर्त्यांच्या सद्बुद्धीवर विसंबून चालत नाही. एका सत्तेस दुसरीपुढे जाब द्यावा लागेल अशी योजना राज्यघटनेतच असावी लागते. या तत्त्वाची कसोटी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या प्रश्नात लागते आणि त्याचा विचार अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यापासून आरंभणे सयुक्तिक होय.

ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, शंकरराव देव प्रभृती काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अभियोग न चालविता या किल्ल्यात ठेवण्यात आले. तत्कालीन स्थानबद्धता किती निरंकुश होती, हे केशव तळपदे खटल्यावरून स्पष्ट होते. एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांपैकी नियम २६ अवैध ठरविला. मूळ कायद्यास वाजवी संशय अपेक्षित होता. नियमास मात्र सरकारची खात्री पुरेशी होती. परंतु त्याच महिन्यात गव्हर्नर-जनरलने वटहुकूम काढून पूर्वलक्षी प्रभावाने हा दोष नाहीसा केला. न्यायालय होते, कायदाही होता. कार्यकारी सत्तेस बदलता न येणारा वरिष्ठ कायदा तेवढा नव्हता.

पुढे घटना समितीत मूलभूत हक्कविषयक सल्लागार समितीचे अध्यक्षपद पटेलांकडे व हक्क उपसमितीचे कृपलानींकडे आले. तथापि स्थानबद्धतेचा अधिकार रद्द झाला नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या तरतुदीतून सिद्ध झालेल्या अनुच्छेद २२ ने तो मान्य करून त्यास मर्यादा घातल्या: स्थानबद्धास कारणे कळवावीत, निवेदनाची संधी द्यावी आणि तीन महिन्यांपलीकडे सामान्यतः सल्लागार मंडळाचा अभिप्राय घ्यावा.

फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता विधेयक गृहमंत्री या नात्याने पटेलांनीच मांडले. पूर्वीचा स्थानबद्ध स्वतः सत्ताधारी झाला तरी अधिकाराचे स्वरूप पालटत नाही, हाच याचा बोध. त्याच वर्षी ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ग्राह्य मानला. मात्र स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढेही उघड करण्यास मनाई करणारे कलम १४ रद्द केले. १९४३ प्रमाणे वटहुकुमाने हा निर्णय पुसून टाकणे आता शक्य नव्हते, कारण वटहुकूमही मूलभूत हक्कांच्या अधीन झाला होता.

आणीबाणीत मात्र जाब विचारणारेच मौन पावले. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांस हेबियस कॉर्पसचा मार्ग नाकारला. विरोधी मत न्या. एच. आर. खन्ना यांचे होते. दुरुस्ती आली ती १९७७ च्या निवडणुकीनंतर निवडून आलेल्या संसदेकडून. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनुसार आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही. जबलपूर निर्णय न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच रद्दबातल ठरविला.

त्याच घटनादुरुस्तीने सल्लागार मंडळाविना स्थानबद्धतेची मुदत तीनवरून दोन महिन्यांवर आणली होती. परंतु ती तरतूद अंमलात आणण्याचा दिनांक ठरविणे केंद्र सरकारवर सोपविले. तो दिनांक अद्याप उजाडलेला नाही, आणि सरकारला तसा आदेश देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या अखेरीस ए. के. रॉय खटल्यात नकार दिला. ज्या सत्तेस आवर घालावयाचा तिच्याच हाती आवर घालण्याचा मुहूर्त ठेवला, तर उत्तम तरतूदही कागदावरच राहते.