पहाटेचे कर्ज

आमच्या कोल्हापूरकडे पोराच्या अंगात रग दिसली की त्याला तालमीचा रस्ता दाखवतात. मेहनत, खुराक आणि विश्रांती हे मल्लाचे गणित इथे घराघरांत ठाऊक. सायकलची गोष्ट वेगळी. सायकल म्हणजे डेअरीला दुधाचा कॅन पोचवायचे, नाहीतर हायस्कूलला जायचे वाहन. तिच्यावर बसून कोणी शर्यती जिंकायच्या म्हटले तर कौतुकाआधी शंकाच येते. याच जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदके मिळवली, तेव्हा ही शंका थोडी ओसरली. पण दुसरी उरलीच : कॉलेज सांभाळून हे जमते का?

हा प्रश्न बिद्रीसारख्या गावात विचारून पाहावा. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे ऊसपट्ट्यात गेली. पीककर्ज देणाऱ्याला गावाचे वर्ष पाठ होऊन जाते. इथल्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि गारगोटीचा रस्ता उसाने भरून वाहू लागतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, त्यात पहाटेचे धुके. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नाही. सायकलच्या महत्त्वाच्या स्पर्धाही बहुधा याच थंडीत येतात आणि विद्यापीठाच्या सत्र परीक्षाही याच सुमारास. ऊस, शर्यत आणि पेपर असे तीन हंगाम एकाच पोराच्या अंगावर एकदम कोसळतात.

याच परिसरातल्या बी.एस्सी. करणाऱ्या एका मुलाने मला आपला दिवस कागदावर मांडून दाखवला. पहाटेची सायकल आणि व्यायाम ४ तास, कॉलेज व जाणे-येणे ८, अभ्यास ३, जेवणखाण आणि म्हशींचे काम मिळून ४. बेरीज १९. झोपेला उरले ५. वर म्हणाला, "काका, वेळ पुरतोय, अंगच पुरंना झालंय."

खाते तपासायची माझी खोड जुनी. जमाखर्च जुळत होता. पण खर्च भागत होता तो झोपेची ठेव मोडून. सरावात अंग झिजते. ते भरून येते आणि बळ धरते विश्रांतीत. शरीराची वाढ व दुरुस्ती करणारे संप्रेरक गाढ झोपेत अधिक स्रवते. दिवसा वाचलेले मनात मुरवण्याचे कामही मेंदू झोपेत बरेचसे उरकतो. म्हणजे पुस्तक आणि सायकल यांचे भांडण वरवर वेळेचे दिसले, तरी दोन्हींची जमा होते एकाच खात्यात. ते खातेच रिकामे केले तर पहाटे काढलेल्या कर्जाचे व्याज परीक्षेच्या हॉलमध्ये आणि घाटाच्या चढावर, दोन्हीकडे वसूल होते.

दोन्ही जमल्याचे दाखले जगात आहेत. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची महिलांची १३७ किलोमीटरची रस्ता शर्यत ऑस्ट्रियाच्या ॲना किझनहोफरने जिंकली. ती गणितातली डॉक्टरेट, स्वित्झर्लंडमध्ये लोझानला संशोधन करणारी. कोणत्याही व्यावसायिक संघात ती तेव्हा नव्हती; सरावाची आखणी स्वतःच करायची. शर्यत सुरू होताच ती पुढे निसटली, इतकी की मागून दुसरी आलेली नामांकित डच सायकलपटू आपणच जिंकलो म्हणून हात उंचावून बसली. पण हा दाखला देताना जपायला हवे. तिच्या परीक्षा केव्हाच संपल्या होत्या आणि पहाटे तिला उसाच्या ट्रॉल्या चुकवायच्या नव्हत्या.

आपल्या पोरांना पदक की पदवी अशी निवड परवडणारी नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण जिथे पदवीची अट आहे तिथे पदवी लागतेच. मग वाट कोणती? २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक सुरू करण्याचे नियम केले. नावात बँक आहे म्हणून मी ते लक्ष देऊन वाचले. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर राहतात, जास्तीत जास्त ७ वर्षे चालतात आणि शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येते. खेळाडूच्या कामी येईल अशीच ही सोय. शर्यतींच्या हंगामात ओझे हलके करावे, पदवीला एखादे वर्ष जास्त लागू द्यावे. पीक बुडाले की आम्ही पीककर्जाचे हप्ते लांबवून द्यायचो. शेतकरी नापास झाला असे कोणी म्हणत नसे. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र घरात लगेच 'वर्ष वाया गेले' हे शब्द येतात, आणि त्या धाकाने पोरगा झोपेतला आणखी एक तास काढून देतो.

कॉलेजांनी चुकलेल्या प्रात्यक्षिकांसाठी आधीच तारखा ठरवाव्यात, सत्कार मागाहून करावा. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून घ्यावेत. म्हशीची एक वेळची धार घरातल्या दुसऱ्या कोणी काढावी. यातले काहीच फार खर्चाचे नाही.

पैलवान पोरगा दुपारी आडवा झाला की आई गल्लीतल्या पोरांना गप्प करते, "झोपलाय, दंगा करू नका." सायकलवाला झोपला की तीच आई म्हणते, "आळशी झालाय." त्याच्या झोपेचीही तशीच राखण झाली, तर बिद्रीच्या रस्त्यावरून निघालेले पोर शर्यतही पुरी करील आणि पदवीही.