पाकीट हरवलं, संध्याकाळी विमान आहे? घाबरू नका!

समजा, माल बघायला दिल्लीला गेलात आणि गांधीनगरच्या गर्दीत पाकीट मारलं. आधार, पॅन, लायसन्स सगळं त्यातच. रात्री मुंबईचं विमान, सकाळी दुकान उघडायचंय. मग काय?

देशातल्या प्रवासात विमानतळाच्या दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि फोटो असलेलं ओळखपत्र बघतो. मोबाइलमधलं एम-आधार चालतं. ते ॲप उघडूनच दाखवा. झेरॉक्स किंवा गॅलरीतल्या फोटोवर विसंबू नका. तिकिटावरचं नावही जुळायला हवं.

फोनपण गेला तर खरी अडचण. दुसऱ्याच्या फोनवर ॲप टाकलं तरी ओटीपी तुमच्याच नंबरवर येणार. पोलिसांत तक्रार नोंदवाच, पण तिची पोच म्हणजे ओळखपत्र नव्हे. नियमात गट-अ राजपत्रित अधिकाऱ्याच्या ओळख प्रमाणपत्राची सोय आहे, पण परक्या शहरात तासाभरात ते कोण देणार?

म्हणून निघण्याआधीच एम-आधार चालू करा. एक ओळखपत्र पाकिटात, दुसरं बॅगेत. सगळं भांडवल एकाच मालात अडकवत नाही ना आपण? तसंच हे!