येवलेकर आडनावाचे गणित

तुमच्या वर्गाचा हजेरीपट एकदा लक्षपूर्वक वाचून पाहा. पाटील, जाधव, शिंदे, पवार ही आडनावे एकापेक्षा अधिक वेळा आलेली दिसतील. पण एखादे आडनाव असे असते, की साऱ्या शाळेत ते एकाच विद्यार्थ्याचे असते. असे आडनाव ऐकले की कोणीतरी हमखास विचारते, "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे नीट उत्तर द्यायचे तर भाषा, इतिहास, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांची मदत घ्यावी लागते. कशी, ते आपण येवलेकर या विरळ आडनावाच्या निमित्ताने पाहू.

गाव सोडल्यावर मिळणारे नाव

येवला हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मनमाडहून अहिल्यानगरकडे जाताना ते वाटेत लागते. येथील पैठणी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जुन्या लिखाणात गावाचे नाव 'येवले' असेही आढळते. पुण्याचा तो पुणेकर, ठाण्याचा तो ठाणेकर, त्याचप्रमाणे येवल्याचा तो येवलेकर. बोलण्यात आज 'येवला' हे रूप रुळले असले, तरी आडनावाने 'येवले' हे रूप जपून ठेवले आहे.

आता एक गंमत पाहा. नावाचे मुख्य काम म्हणजे एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येणे. येवल्याच्या बाजारात उभे राहून "येवलेकर आले" असे म्हटले, तर काय बोध होणार? तेथे सारेच येवलेकर! पण त्यांतले एक कुटुंब पुण्याला किंवा इंदूरला जाऊन राहिले, की शेजारी त्याला सहज 'येवलेकर' म्हणू लागतील. म्हणजे येवलेकर हे आडनाव बहुधा येवल्याबाहेरच जन्माला येणार. मनमाडकर, चांदवडकर, निफाडकर, पैठणकर यांनाही हेच लागू पडते.

या नियमाला अपवाद आहेत. काही घराण्यांना गावातील हक्क किंवा वतन यांमुळे गावाचे नाव मिळाले. कोकणात व गोव्यात गावात राहूनही गावाचेच आडनाव लावणारी घरे पुष्कळ आहेत. काही कुटुंबे बाहेर मिळालेले आडनाव घेऊन पुन्हा गावी परतली. म्हणून 'बहुधा' हा शब्द विसरू नका.

एका आयुष्यात बदललेले आडनाव

येवल्याशी नाते असलेला एक थोर माणूस तुम्हांला ठाऊक आहे. पण येवलेकर म्हणून नव्हे. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत रामचंद्र पांडुरंग येवलेकर असे दिलेले आढळते. त्यांचा जन्म येवल्याचा. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दुसऱ्या बाजीरावांना कानपूरजवळच्या ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूर येथे जाऊन राहावे लागले. त्यांच्या आश्रितांमध्ये तात्यांचे वडील पांडुरंगही होते.

'टोपे' हे नाव कसे पडले याच्या दोन कथा सांगतात. बाजीरावांनी तात्यांना एक मौल्यवान टोपी दिली, ही एक. तोफांशी त्यांचा संबंध होता, ही दुसरी. कथा कोणतीही घ्या, त्यातून निघणारी गोष्ट एकच : गावावरून आलेले नाव मागे पडले आणि नवे नाव पुढे चालले. एप्रिल १८५९ मध्ये पकडले गेल्यावर तात्यांनी जो जबाब दिला, त्यात त्यांनी आपले नाव तात्या टोपे, वडिलांचे नाव पांडुरंग आणि गाव येवला, परगणा पाटोदा, जिल्हा नगर असे सांगितले. (नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला, म्हणून येथे नगर.) १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना शिवपुरी येथे फाशी देण्यात आले.

तेव्हा आडनाव ही काही दगडावर कोरलेली रेघ नव्हे. शाळेचे दाखले, जमिनीचे कागद आणि कचेऱ्यांची दप्तरे यांत नावे कायमची लिहिली जाऊ लागली, तेव्हा कुठे ती पक्की झाली.

स्वीडनमध्येही असेच

दूरच्या स्वीडन देशातील हकिगत याहून फारशी वेगळी नाही. तेथे पूर्वी सामान्य लोकांत बापाच्या नावाला 'मुलगा' या अर्थाचा शब्द जोडीत. आंडर्सचा मुलगा आंडरसन. पण आंडरसनच्या मुलाचे नाव पुन्हा वेगळे! सैन्याच्या एकाच तुकडीत अनेक आंडरसन जमत आणि गोंधळ होई. म्हणून शिपायांना छोटी, वेगळी नावे देत. जसे रास्क म्हणजे चपळ, मोडिग म्हणजे धाडसी. पुढे अशी कित्येक नावे त्यांच्या कुटुंबांची आडनावे झाली. हळूहळू तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आडनावे रूढ झाली. येवलेकराला जे नाव शेजाऱ्यांनी दिले, ते रास्कला पलटणीने दिले. गरज मात्र एकच, वेगळी ओळख!

विरळ म्हणजे किती विरळ?

आडनाव विरळ आहे असे नुसते म्हणून भागत नाही, मोजावे लागते. असे समजा, की एखादे आडनाव दर १०,००० माणसांत एकाचे आहे. तुमच्या शाळेत १,००० विद्यार्थी आहेत. तर ते आडनाव तुमच्या शाळेत सापडेल का? संभाव्यतेचे गणित केले तर उत्तर येते, की अशा १०० शाळांपैकी सुमारे ९० शाळांत ते एकाही विद्यार्थ्याचे नसेल. म्हणून 'आमच्या शाळेत नाही, म्हणजे हे आडनावच नाही' असे कधी म्हणू नये. नमुना लहान असला की विरळ वस्तू हातातून निसटते.

मोजणीत आणखीही अडचणी येतात. मतदारयादीत फक्त १८ वर्षे पूर्ण झालेली माणसे असतात. लग्नानंतर अनेक स्त्रियांचे आडनाव बदलते, तेव्हा त्यांना कोणत्या आडनावात मोजायचे? रोमन लिपीत तर येवला शब्द 'वाय-ई-ओ-एल-ए' असाही लिहितात आणि 'वाय-ई-व्ही-एल-ए' असाही. मोजणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर एकाच आडनावाची दोन होतात. येवले हे स्वतंत्र आडनावही आहे. केवळ उच्चार जवळचा म्हणून ते येवलेकरांत मिसळून टाकणे चुकीचे ठरेल.

दोन नाणी आणि शंभर आडनावे

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. काही आडनावे फोफावतात आणि काही नाहीशी होतात, असे का?

१८७३ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी हाच प्रश्न एका शैक्षणिक नियतकालिकात वाचकांपुढे ठेवला. मोठमोठ्या घराण्यांची नावे लोप पावताना दिसत होती. ही घराणी दुबळी होतात म्हणून असे होते, की हा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे? हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने हे कोडे सोडवायला घेतले. त्यांची रीत आपण दोन नाण्यांनी समजून घेऊ.

एका गावात १०० पुरुष आहेत, प्रत्येकाचे आडनाव निराळे. आडनाव मुलग्याकडूनच पुढे जाते असे धरू. प्रत्येक पुरुषासाठी दोन नाणी उडवायची. जितके छापे पडतील तितके त्याला मुलगे. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा हे चार प्रकार सारख्याच शक्यतेचे. म्हणजे सरासरी १०० पैकी २५ जणांना दोन मुलगे, ५० जणांना एक आणि २५ जणांना एकही नाही. एकूण मुलगे पुन्हा १००. लोकसंख्या जशीच्या तशी. पण २५ आडनावे पहिल्याच पिढीत संपली!

दुसऱ्या पिढीत काय होईल? एकच मुलगा असलेली ५० आडनावे आहेत. त्यांतली चौथा हिस्सा, म्हणजे साडेबारा जातील. दोन मुलगे असलेली २५ आडनावे आहेत. तेथे दोघांनाही मुलगा नसण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे सुमारे दीड आडनाव जाईल. मिळून १४ गेली आणि उरली ६१. असेच पुढे गणित करीत गेलात, तर पाचव्या पिढीअखेर सुमारे ४० आणि दहाव्या पिढीअखेर फक्त २६ आडनावे उरतात. माणसे मात्र सरासरीने १०० च! म्हणजे उरलेल्या प्रत्येक आडनावाच्या वाट्याला सरासरी चार पुरुष आले. कोणाला एक, कोणाला दहा-बारा.

नीट पाहा. या खेळात कोणतेही आडनाव दुसऱ्याहून अधिक बलवान नव्हते. रोगाची साथ आली नाही, लढाई झाली नाही. तरी पाऊणशे आडनावे गेली. वाढली ती गुणांमुळे वाढली नाहीत आणि गेली ती दोषांमुळे गेली नाहीत. येथेच विरळ आडनावाचा धोकाही कळतो. एकाच पुरुषापासून सुरू झालेले आडनाव दहा पिढ्यांत संपण्याची शक्यता १०० मध्ये ७४. पण तेच आडनाव सुरुवातीला दहा घरांचे असेल, तर ती शक्यता १०० मध्ये सुमारे ५ वर येते.

वॉटसन यांचे शेवटचे अनुमान मात्र चुकले. लोकसंख्या वाढत असली, तरी प्रत्येक आडनाव कधी ना कधी संपणारच, असे त्यांनी म्हटले. खरे उत्तर असे : मुलग्यांची सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल तर सारी नावे अखेर संपतात, पण ती एकाहून जास्त असेल तर काही नावे कायम टिकण्याची शक्यता उरते. हे फ्रेंच गणिती बिएनेमे यांनी १८४५ मध्येच ओळखले होते. पण इकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९३० मध्ये डेन्मार्कच्या स्टेफेन्सन यांनी पूर्ण उत्तर मांडले. हेच गणित पुढे अणुभट्टीतील साखळी-प्रक्रिया आणि रोगाच्या साथींचा फैलाव समजून घेण्यासाठी उपयोगी पडले.

जुनी नावे अशी गळत असताना 'टोपे' यांसारखी नवी नावे निर्माण होत होती, म्हणून आडनावांचा साठा टिकून राहिला. पण आता नावे कागदावर पक्की झाली, नवी भर कमी झाली; गळती मात्र चालूच आहे. स्वीडनमध्ये २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार २,००० किंवा अधिक लोकांचे आडनाव कोणालाही घेता येते. त्याहून विरळ आडनावांना संरक्षण आहे.

आडनाव आणि रक्ताचे नाते

पुरुषांच्या पेशींत असलेले 'वाय' गुणसूत्र बापाकडून मुलग्याकडे जाते, अगदी आडनावासारखे. २००० मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी साइक्स याच आडनावाचे पुरुष तपासले. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास पुरुषांचे 'वाय' गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले. म्हणजे त्यांचा मूळपुरुष एक असण्याचा संभव मोठा.

हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावता येईल का? पाटील हे तर पदाचे नाव. गावोगाव पाटील होते, म्हणून पाटलांचे मूळपुरुष हजारो. येवलेकर विरळ असले, तरी येवल्यातून बाहेर पडलेले कोणतेही घर येवलेकर होऊ शकते. मग ते विणकराचे असो, सोनाराचे असो की भिक्षुकाचे. त्यामुळे दोन येवलेकर भेटले, तर ते भाऊबंद असतीलच असे नाही आणि एका जातीचे असतीलच असेही नाही. 'कर' हा प्रत्यय गाव सांगतो, जात सांगत नाही. आडनाव ऐकून माणसाची जात ताडू पाहणारे येथेच फसतात.

आणखी एक हिशेब करा. तुम्हांला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. दहा पिढ्या मागे गेलात तर ही संख्या १,०२४ होते. या साऱ्यांचा वारसा तुमच्यापर्यंत पोचण्याच्या वाटा आहेत. आडनाव मात्र त्यांपैकी एकाच वाटेने आले. म्हणून आडनाव संपले म्हणजे घराणे संपले, हे खरे नाही. मुलींच्या द्वारे ते पुढे चालतच असते. फक्त दप्तरात दिसत नाही. 'नाव चालवायला मुलगा हवा' असे म्हणणाऱ्याला दोन नाण्यांचा खेळ दाखवा. मुलगा होऊनही दहा पिढ्यांत बहुतेक नावे जातातच, मग त्यासाठी मुलीला कमी का लेखावे? महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांत, स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय झाला आहे. दप्तरात न दिसणारी एक वाट त्यामुळे निदान एक पाऊल दिसू लागली.

आता तुम्ही एक काम करा. शाळेतील आडनावांची यादी करून त्यांचे गावावरून, पदावरून, व्यवसायावरून आणि इतर असे चार गट पाडा. एकदाच येणारी आडनावे किती, ते मोजा. आणि घरी गेल्यावर आजीला तिचे माहेरचे आडनाव विचारा. तिच्या आईचेही विचारा. ते तिला आठवत असेल, तर आजच वहीत लिहून ठेवा.