परदेशी दत्तक : बालकाच्या प्रवासामागील कायदा

एखादे बालक परदेशी दत्तक जाते तेव्हा केवळ त्याचे घर बदलते असे नव्हे. भाषा, अन्न, हवामान, नाव आणि राष्ट्र ही सर्व एकाच प्रवासात बदलतात. ज्याला पुष्कळदा बोलताही येत नाही, अशा जिवाच्या वतीने हा निर्णय इतरांनी घ्यावयाचा असतो. यास्तव त्यावर कायद्याची बारीक देखरेख असणे अगत्याचे आहे. या देखरेखीचा आरंभ दिल्लीत नव्हे, तर आपल्या गावातच होतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पूर्वस्थिती

१९५६ सालचा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अन्यधर्मीय परदेशी दांपत्यास लागू नव्हता. त्यामुळे असे दांपत्य १८९० सालच्या पालक व पाल्य कायद्यान्वये येथील न्यायालयाकडून केवळ पालकत्व मिळवी, बालकास स्वदेशी नेई व तेथील कायद्याप्रमाणे दत्तक घेई. अशा व्यवहारांतील गैरप्रकारांकडे लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी १९८४ साली दिलेल्या निकालात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. बालकास प्रथम स्वदेशात घर शोधावे, ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा, हे त्यांतील मुख्य सूत्र होय. पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’, स्थापन झाले. १९९३ सालच्या हेग कराराला भारताने २००३ साली मान्यता दिली. सध्याची कार्यपद्धती २०१५ च्या बाल न्याय कायद्यावर आधारलेली आहे.

आजची कार्यपद्धती

अनाथ, सोडून दिलेल्या अथवा आईवडिलांनी स्वाधीन केलेल्या बालकाची बालकल्याण समिती प्रथम चौकशी करते. स्वाधीन करणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. त्यानंतरच बालक दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित होते. मग भारतीय अथवा अनिवासी भारतीय कुटुंबाचा शोध घेण्यात येतो. साठ दिवसांत असे घर न मिळाल्यास परदेशी कुटुंबाचा मार्ग मोकळा होतो. दिव्यांग बालके, एकत्र ठेवावयाची भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येते. कारण त्यांना येथे घर मिळणे अधिक कठीण जाते.

परदेशी दांपत्याने आपल्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच अर्ज करावयाचा असतो. ती संस्था त्यांचे घर, आरोग्य व उत्पन्न यांची चौकशी करून अहवाल पाठविते. ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर दत्तकाचा आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात, सप्टेंबर २०२२ पूर्वी हा अधिकार न्यायालयाकडे होता. बालकाचे पारपत्र तयार झाल्यावर त्याला नेण्यासाठी आईवडिलांनी भारतात यावयाचे असते. पूर्वी बालकांना सोबत्याबरोबर विमानाने पाठविले जाई व परक्या विमानतळावर अनोळखी माणसे त्यांना उचलून घेत. आता परिचित दाईच्या समक्ष नव्या आईवडिलांची ओळख होऊ शकते. बालक गेल्यानंतरही पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी त्याच्या प्रगतीचा अहवाल यावा लागतो.

आपले कर्तव्य

निराधार बालक आढळल्यास चोवीस तासांच्या आत पोलीस ठाणे, बालकल्याण समिती अथवा १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा ठरतो. ‘चांगल्या घरी जाईल’ या सद्‌भावनेने मूल परस्पर कोणाच्या हाती देणे हाही गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाची खरेदी-विक्री केल्यास शिक्षा याहून कडक आहे. अडचणीतील मातेने दलालाकडे न जाता समितीकडे जावे, असे शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनी तिला समजावून सांगावे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. दत्तक गेलेली मुले मोठी झाल्यावर आपले मूळ शोधण्यासाठी परत येतात व कायद्याने त्यांना त्यासाठी साहाय्य मिळते. त्या वेळी त्यांच्या हाती लागतात ती फक्त जुनी कागदपत्रे. बालक कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या वस्त्रात व कोणास सापडले, ही माहिती देणाऱ्याने ती खरी व तपशीलवार द्यावी आणि लिहिणाऱ्याने ती पूर्ण लिहून घ्यावी. आपणांस ती कागदावरील चार ओळींची नोंद वाटेल. परंतु पंचवीस वर्षांनंतर दूर देशाहून आलेल्या माणसास आपल्या जन्मभूमीविषयी तेवढीच माहिती मिळणार असते.