थापी हातात कधी येणार?

दहावीनंतर मुलाचं शाळेत मन लागत नाही, मग ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखाली लावून द्यावा, असा विचार आपल्या अनेक घरांत होतो. विचार वाईट नाही. सफाईदार गिलावा करणाऱ्या गवंड्याला कामाची वाट पाहावी लागत नाही. पण अम्मी-अब्बांनी आधी एवढं विचारून घ्यावं: आमचा मुलगा हुनर शिकणार, की नुसता माल कालवणार?

बिगारी आणि शागीर्द यांच्यात सुरुवातीला फरक दिसतच नाही. दोघंही वाळू चाळतात, घमेली उचलतात, भिंतीवर पाणी मारतात. हे काम कमीपणाचं मुळीच नाही. चाळताना खडा राहिला, तर पाटा फिरवताना भिंतीवर लांब ओरखडा उठतो. भिंत कोरडी राहिली, तर वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि पुढे गिलावा पोकळ वाजतो. पाणी घातलेला सिमेंटचा माल साधारण अर्ध्या तासात वापरायचा असतो. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतणारे मिस्त्रीही असतात. त्यांच्याकडून हे तेवढं शिकू नये.

खरं शिकणं सुरू होतं ते ठिय्यांपासून. ओळंबा आणि दोरी लावून भिंतीवर मालाचे छोटे ठिय्ये बसवतात. आतल्या भिंतीला गिलावा साधारण १२ मिलिमीटर जाड, बाहेरच्या भिंतीला दोन थरांत २० मिलिमीटरपर्यंत. ठिय्या चुकला की अख्खी भिंत चुकते. मग वरून कितीही रंधा फिरवा. म्हणूनच पुष्कळ मिस्त्री ठिय्ये स्वतः लावतात आणि मुलाला फक्त मधली जागा भरायला देतात. असा मुलगा चार वर्षांनीही अर्धाच कारागीर राहतो, मजुरीही अर्ध्या कारागिराचीच मिळते. थापीने माल मारताना मनगटाला येणारा झटका, पाटा खालून वर ओढताना हाताचा दाब, रंधा फिरवायला माल कितपत ओढला पाहिजे, हे सांगून येत नाही. उस्तादाशेजारी उभं राहून, त्याच भिंतीवर हात चालवूनच ते येतं. छताचा गिलावा सर्वांत शेवटी जमतो.

आपल्याकडे या हुनराला जुना मान आहे. औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहायला जाणारे संगमरवराचं कौतुक करतात; पण तिथल्या बऱ्याच भिंती दगडाच्या असून वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ते हातही कोणाच्या तरी हाताखालीच तयार झाले असणार.

तेव्हा मुलाला लावताना मुदत ठरवून घ्या. सहा महिन्यांत आतल्या एखाद्या लहान भिंतीवर थापी चालवायला मिळावी, वर्षभरात ठिय्ये लावायला. मिस्त्री नातेवाईक असला तरी संकोच करू नये. उलट नात्यातच हे बोलायचं राहून जातं आणि पोराची वर्षं जातात. शिकण्याच्या काळातही रोज काहीतरी हातात पडलंच पाहिजे. कागद हवा असेल, तर आयटीआयमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर उमेदवारी केली, तर विद्यावेतनही मिळतं.

हातांकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. ओलं सिमेंट कातडी जाळतं, बोटांना भेगा पडतात, काहींना कायमची खाज लागते. रबरी हातमोजे घालणाऱ्या मुलाला साइटवर हसतात. हसू द्यावं. माल डोळ्यात उडाला तर न चोळता भरपूर पाण्याने धुवावं आणि डॉक्टरकडे न्यावं.

वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार बदलत राहतात, नंतर सही करायला कोणी सापडत नाही. एक काम संपलं, की दुसऱ्या साइटवर जाण्याआधी तिथला दाखला मागून घ्यावा.