पावलाला मिळणारी सोबत

पुण्यात कोथरूडकडून चांदणी चौकाच्या दिशेने पौड रस्ता जिथे चढू लागतो, तिथे एके काळी मी सायकलवरून न उतरता वर जात असे. पुढे वय झाले, गुडघे दुखू लागले, आणि सायकल सोडू नका पण चढावर जोर लावू नका, असा दुहेरी आदेश डॉक्टरांनी दिला, तेव्हा माझ्या दहा वर्षांच्या गिअरच्या सायकलीला विजेची मोटर बसवून घेण्याची तजवीज मी केली. मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी आणि या दोहोंमधला कारभार पाहणारा कंट्रोलर, असा सगळा सरंजाम पेठेतल्या एका कारागिराने अर्ध्या दिवसात चढवून दिला.

पहिल्याच चढावर मात्र माझी निराशा झाली. थांबलेल्या सायकलीवर बसून मी पायडल दाबले, तेव्हा काहीच घडले नाही. अर्धा फेरा सगळा भार माझ्याच गुडघ्यावर पडला, आणि सायकल कशीबशी हलू लागल्यावर मागून कोणी अचानक ढकलावे तसा धक्का बसून ती पुढे उसळली. परतीच्या वाटेवर सिग्नलपाशी पाय थांबवला, तरी मोटर क्षणभर चालतच राहिली आणि पुढच्या रिक्षाला माझे चाक जवळजवळ टेकले. जिथे साहाय्य हवे तिथे ते नव्हते, आणि जिथे नको तिथे ते हजर होते.

ही तक्रार घेऊन मी पुन्हा त्या कारागिराकडे गेलो. त्याने सायकल घोडीवर चढवली, क्रँक काढली आणि धुरीवर बसवलेली प्लॅस्टिकची एक चकती दाखवली. तिच्या कडेला बारा बारीक लोहचुंबक होते आणि शेजारी त्यांना मोजणारा सेन्सर. "काका, याला पाय फिरतोय एवढंच कळतं. किती जोरानं फिरतोय, हे कळत नाही," तो म्हणाला. सगळ्या दोषाचे मूळ त्या एका वाक्यात होते. काही चुंबक समोरून सरकून जाईपर्यंत कंट्रोलरला पाय फिरत असल्याची खात्री पटत नाही, म्हणून आरंभी विलंब. आणि चुंबक येणे बंद झाले आहे हे ठरवण्यासही थोडा काळ जावा लागतो, म्हणून शेवटी अतिरेक. शिवाय पाय हळुवार ठेवला काय किंवा सर्व बळ एकवटून दाबला काय, हुकूम एकच सुटतो.

धक्क्याला आणखी एक कारण होते, ते मोटरच्या पोटात. या जातीच्या मोटरचा गाभा चाकाच्या सुमारे पाचपट वेगाने फिरतो; नायलॉनची दातेरी चाके तो वेग उतरवून चाकाला देतात, आणि मधला एकदिशा क्लच मोटर थांबलेली असताना चाकाला मोकळे फिरू देतो. चालत्या सायकलीवर मोटर पुन्हा सुरू झाली, की तिला आधी चाकाचा वेग गाठावा लागतो, आणि गाठताच क्लच पकड घेतो. त्या धावपळीत कंट्रोलर पूर्ण विद्युत्प्रवाह सोडत असेल तर पकड आघातानेच होणार. सुरुवातीला प्रवाह थोडा ठेवून मग चढवत नेला, तर तीच पकड जाणवतही नाही.

पायाचा जोर मोजण्याची युक्ती नवी नाही. जपानात यामाहा कंपनीने १९९३ साली 'पॅस' नावाची जी सायकल बाजारात आणली, तिच्यातच पायडलवरील जोर मोजून त्या प्रमाणात मोटरची जोड देण्याची व्यवस्था होती. तिथल्या नियमाने हे साहाय्य आरंभी पायाच्या बळाइतकेच देता येत असे. २००८ पासून ताशी १० किलोमीटरपर्यंत दुप्पट देण्याची मुभा मिळाली, आणि पुढे ते उतरत जाऊन २४ किलोमीटरला शून्य होते. आमच्या कारागिरानेही तोच मार्ग धरला: जुनी धुरी काढून त्या जागी टॉर्क सेन्सर असलेली धुरी बसवली. पायडल दाबले की धातूला सूक्ष्म पीळ पडतो, आणि तो पीळ मोजून कंट्रोलरला कळवणे हे त्या सेन्सरचे काम.

आता प्रश्न मिटला असे मला वाटले. वस्तुतः खरा प्रश्न इथेच सुरू झाला. माणसाच्या पायाचा जोर मुळात एकसारखा नसतो. क्रँक आडवी असताना तो शिखरावर असतो, उभी झाली की जवळजवळ लोपतो, आणि प्रत्येक फेऱ्यात असे दोनदा घडते. हा चढउतार यंत्राने जसाच्या तसा वाढवून दिला, तर सायकल फेऱ्यागणिक दोन हिसके देत चालणार. आणि तो सपाट करण्यासाठी जोराची सरासरी फार लांबवली, तर तो जुना विलंब मागील दाराने परत येणार. मिनिटाला ६० फेरे होत असतील तर अर्ध्या फेऱ्याला अर्धा सेकंद लागतो, चढावर ४० झाले तर पाऊण. म्हणून सरासरी घड्याळाने न घेता क्रँकच्या कोनाने, अर्ध्या फेऱ्यापुरती घेणे शहाणपणाचे. पहिल्या दाबाला मात्र सरासरीची अट माफ असावी, आणि पाय उचलताच प्रवाह तत्काळ तुटावा. तो तरुण लॅपटॉपवर एक आकडा बदली, मी चढ चढून येई, पुन्हा आकडा बदलला जाई. अशी त्या दुपारी सात खेपांची मेहनत झाली. सातव्या खेपेला मोटर कुठे सुरू झाली हे मला सांगता आले नाही.

जाता जाता त्याने कंट्रोलरही बदलून दिला. स्वस्त कंट्रोलर मोटरच्या तीन वेटोळ्यांना सहा टप्प्यांत, जणू पायऱ्यापायऱ्यांनी प्रवाह देतो आणि त्यामुळे मोटर गुरगुरते. हा नवा लाटेसारखा प्रवाह देणारा असल्याने ती गुरगुर गेली.

अधिक ताकदीच्या मोटरचा आग्रह पुष्कळ जण धरतात, म्हणून एक हिशेब मांडतो. सायकल व स्वार मिळून १०० किलो वजन, वीस मीटरला एक मीटर असा चढ आणि ताशी १० किलोमीटर वेग धरला, तर सुमारे १६५ वॅट लागतात. त्यांपैकी सत्तर-ऐंशी वॅट साधारण प्रकृतीचा माणूस स्वतः देऊ शकतो. आपल्या कायद्याने २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनाला नोंदणीतून मुभा आहे, आणि या कामाला तेवढी शक्ती भरपूर पुरते. माझ्या पहिल्या फेरीत उणीव शक्तीची नव्हती.

अशी सायकल घेऊ पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे: दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून निर्णय करू नका. एखाद्या चढावर, पूर्ण थांबलेल्या स्थितीतून पहिले पायडल दाबून पाहा, आणि मग चालत्या सायकलीवर पाय एकदम थांबवून पाहा.